मातीचं फुप्फुस

१४ ऑक्टोबर २०२४, सोमवार. फेल्डहोवन.

संहितानं ही वही आणून दिली. "आई, मनातलं लिहून काढा. बरं वाटेल." माझी सून गुणी आहे, पण कुठल्याशा ॲपवर वाचलेलं शहाणपण घरभर वाटत फिरते. बरं वाटायला मला झालंय काय? आजारी मोहन आहे. तरी लिहिते, कारण या घरात मोठ्यानं चिडायची सोय राहिलेली नाही. दिवाणखान्यातच त्याची खाट लागली आहे.

इथले जिने शिडीसारखे उभे. त्याला वर कोण चढवणार? म्हणून हॉस्पिटलसारखी खाट खाली, रस्त्याकडच्या भल्यामोठ्या काचेसमोर. पडदे लावायची या डच लोकांना लाज वाटते की काय कोण जाणे. सायकलवरून जाणारं प्रत्येक माणूस नाकात नळी घातलेला माझा नवरा बघून जातं. सकाळी मी पडदा ओढला, तर मोहन म्हणाला, "राहू दे. मलाही काहीतरी बघायला हवं."

ऑगस्टमध्ये मुलाकडे, सारंगकडे आलो ते तीन महिन्यांसाठी. पुण्याहून निघताना मोहनला नुसता खोकला होता. सप्टेंबरात ताप आला, हॉस्पिटलात नेलं, आणि कळलं की दोन्ही फुप्फुसं आतून जून दोडक्यासारखी जाळीदार होत चालली आहेत. ती डॉक्टरीण पस्तिशीची असेल. तिनं खुर्ची पुढे ओढली आणि थेट मोहनच्या डोळ्यांत बघून सांगितलं. हे थांबवणारं औषध नाही. विमानप्रवास नाही. नाताळपर्यंत बघू. आपल्याकडे निदान नातेवाइकांना बाहेर बोलावतात. मोहन तिला "थँक यू" म्हणाला. व्याख्यानानंतर हार घालणाऱ्याला म्हणायचा, अगदी तसं.

मी पाणी आणायला बाहेर गेले. पाण्याचं मशीन सापडलं नाही, म्हणून वीस मिनिटं फिरत राहिले. परत आले तेव्हा बाटली माझ्या पिशवीतच होती. भरलेली.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आर्या, म्हणजे सारंगची मुलगी, सोळा वर्षांची. तिच्या शाळेला खिम्नाझियम म्हणतात. तिथे व्यायाम करत नाहीत, प्राचीन ग्रीक शिकतात. सख्ख्या आजीची भाषा धड बोलता येत नाही, आणि दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्यांची शिकते! तिला शाळेसाठी मोठा प्रकल्प करायचाय. विषय निवडलाय ग्रीकांच्या वैद्यदेवाचा. अस्क्लेपिअस. त्याच्या देवळात आजारी माणसं रात्री झोपायला जात. स्वप्नात देव येऊन बरं करी. बरा झालेला माणूस ज्या अवयवाचं दुखणं असेल त्याची मातीची प्रतिकृती वाहून जाई. पाय, डोळा, स्तन, काय वाट्टेल ते. देवाला नीट ऐकू यावं म्हणून कोणी नुसते कानही वाहत.

मोहनला हे सगळं ती खाटेजवळ बसून वाचून दाखवते. आणि तो ऐकतो! जन्मभर जिभेवर कापूर पेटवून, गावोगाव बुवांची पितळं उघडी पाडलेला फिजिक्सचा प्राध्यापक.

"पण आजोबा, सगळे बिलीव्ह करत नव्हते," आर्या सांगत होती. "एक माणूस आला, त्याची बोटं पॅरलाइज्ड होती. तो भिंतीवरच्या स्टोरीज वाचून हसला. गॉडनं त्याला पण बरं केलं."

"आणि शिक्षा?"

"शिक्षा नाही. फक्त नाव ठेवलं. 'अविश्वासू'. आजपासून तुझं नाव हेच."

मोहन इतका हसला की नळी निघाली. "सुनेत्रा, ऐकलंस? बरं केलं आणि वर टोमणा मारला. हा देव आपल्या घरात खपला असता."

मी भाजी निवडत होते. म्हटलं, "आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर फिलोमिना म्हणायच्या, ग्रीक हुशार होते, पण बिचारे आधी जन्मले."

"तुझ्या सिस्टरला सांग, आम्ही नंतर जन्मून काही फरक पडला नाही."

सारंग बाजारहाट करून आला तेव्हा हे दोघं हसतच होते. तो जिन्याखाली बूट काढता काढता थांबला आणि तसाच उभा राहिला. एक बूट हातात.

२ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळी झाली. संहितानं चार पणत्या लावल्या, मोहननं काही म्हटलं नाही. पूर्वी म्हणाला असता.

आज दुपारी हवा खायला बाहेर पडले. सायकलींच्या वाटेला लागून, मक्याच्या कापलेल्या शेताच्या कडेला विटांची एक खोली आहे, आपल्याकडच्या रस्त्याकडेच्या मारुतीएवढी. आत मेरी. या भागात अशा बऱ्याच आहेत. थंडी वाजत होती म्हणून आत गेले. लाल पेल्यांत मेणबत्त्या, आणि भिंतीवर छोट्या फरशा, सगळ्यांवर 'आभार' लिहिलेलं. तेवढं डच मला आता वाचता येतं. मनात आलं, ज्यांचं मागणं ऐकलं नाही त्यांच्या फरशा कुठे लावतात?

घरी येऊन हे आर्याला सांगितलं, तर म्हणते, एका ग्रीकानं हेच विचारलं होतं. बुडता बुडता वाचलेल्या खलाशांच्या पाट्या देवळात बघून. चोवीसशे वर्षांपूर्वी. माझं आधीच कोणीतरी बोलून ठेवलेलं असतं.

मेणबत्ती मी लावली नाही. एक वाकडी जळत होती, ती सरळ केली, एवढंच.

आज ऑल सोल्स डे. आम्हा हिंदू मुलींनाही शाळेत त्या दिवशी आपापल्या मेलेल्यांची नावं चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकू देत. तेव्हा माझ्याकडे लिहायला फक्त आजोबा होते.

एकदाच लिहून टाकते. ही वही कोणी उघडून वाचायचं नाही.

आम्हाला सारंगनंतर मुलगी होती. चारुता. जुलै १९८७, सहा वर्षांची. मंगळवारी शाळेतून ताप घेऊन आली, बुधवारी मान वाकेना, दवाखान्यात नेलं. मेंदूज्वर. रिक्षात तिच्या डाव्या वेणीची रिबीन पडली, आणि तापातसुद्धा ती तेवढ्यासाठीच रडत होती. दवाखान्यात सगळे उपचार झाले. त्यात कुठे कसूर नव्हती, खोटं बोलणार नाही. गुरुवारी मी मोहनला म्हटलं, मी जरा माझ्या जुन्या शाळेत जाऊन येते, तिथल्या बागेतल्या मेरीपुढे मेणबत्ती लावते. तो व्हरांड्यात उभा होता. म्हणाला, "मुलीच्या तापाचा सौदा करायचा नाही, सुनेत्रा. कोणाशीच." ओरडला नाही. ओरडला असता तर मी गेले असते.

शनिवारी ती गेली.

मेणबत्तीनं मेंदूज्वर बरा होत नाही, हे मला कळतं. तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली आहेत, कुठली लाइन लागते आणि कुठली लागत नाही हे मला दुसऱ्या कोणी सांगायला नको. पण मला मागू तरी द्यायचं होतं.

त्यानंतर सदतीस वर्षांत त्यानं तिचं नाव घेतलेलं नाही. घरातले तिचे फोटोही उतरवले, "बघून काय होणार" म्हणून. एक माझ्या पर्समध्ये आहे, सीनियर सिटिझनच्या कार्डामागे. त्याला दाखवलेला नाही. मागितलाही नाही त्यानं.

९ नोव्हेंबर, शनिवार

मारलूस म्हणून नर्स येते, एक दिवसाआड. सहा फुटी, दिलखुलास, मोहनला अंघोळ घालताना गाणी म्हणते. सोमवारी तिनं ऑक्सिजनचा काटा वर सरकवला. मोहनला विचारलं, काही हवंय का? माणसं अशा वेळी घरचं जेवण मागतात, जुने मित्र मागतात. यानं माती मागितली. आर्या शाळेच्या कलावर्गातून घेऊनही आली, भट्टीत नाही, घरच्या ओव्हनमध्ये भाजते अशी. आता दुपारभर मांडीवर ट्रे घेऊन दोघं काय काय थापत असतात. मी जवळ गेले की आर्या टॉवेल टाकते.

"सीक्रेट आहे, आजी."

"तुझे आजोबा आणि सीक्रेट? त्यांना खोकलासुद्धा लपवता येत नाही."

मोहन म्हणाला, "तू जा गं, पोळ्या कर."

लग्नात यानंच मला सांगितलं होतं, अहो म्हणायचं नाही, नावानं हाक मार, आपण बरोबरीचे. नोंदणी पद्धतीनं लग्न. सामानात माझ्या आईची चांदीची अन्नपूर्णा होती, आणि सिस्टर फिलोमिनांनी दिलेलं मेरीचं पदक. त्यानं दोन्ही उचलून पाहिलं आणि हसून विचारलं, "हे कशासाठी?" बस्स, एवढंच. त्या हसण्याच्या धाकानं मी पन्नास वर्षं घरात दिवा लावला नाही. बरोबरीचे म्हणे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आजचं आजच लिहिते.

सकाळी ओव्हन उघडला तर आत ट्रेवर ती वस्तू. मुठीएवढा गोळा, गुळगुळीत, आणि दोन्ही बाजूंना दोन जाडी गांडुळं लोंबत असावीत तशा मातीच्या वळकट्या. एकीला टोकाशी गाठ, दुसरी तशीच. फिजिक्स शिकवलेल्या माणसाला फुप्फुसाचा आकारही येत नाही! मला कळायला क्षण लागला नाही. देवाला वाहायला अवयव केलाय. यानं!

तशीच ट्रे घेऊन बाहेर गेले.

"हे काय आहे?"

"माती."

"माती मलाही दिसते. त्या ग्रीकाला वाहायची ना?"

मोहननं माझ्याकडे पाहिलं नाही. काचेबाहेर बघत म्हणाला, "दीड हजार वर्षांत त्याची कोणी पूजा केलेली नाही. पुजारी नाही, दक्षिणा नाही. अंधश्रद्धा म्हणायला समोर कोणीतरी फसवणारा हवा."

"स्वतःलाच फसवतोयस, तेवढं पुरे आहे. गणपती चालत नाही, अन्नपूर्णा चालत नाही, माझी मेरी तर नाहीच नाही. हा चालतो! का, तर परदेशी आहे?"

"आपल्या देवांना कुठल्या तोंडानं विचारू गं?" खोकला. मग म्हणाला, "आणि हा वेगळा होता. यानं मेलेल्या माणसाला उठवलं होतं. म्हणून मोठ्या देवानं वीज टाकून मारला त्याला. देवांतला हा एकच, की ज्याला ती गोष्ट पटली नाही."

"कुठली गोष्ट?"

त्यानं नाकातली नळी सारखी केली.

माझ्या डोक्यात काय शिरलं ते मलाच माहीत. सदतीस वर्षं शिरलेलं असेल. मी म्हटलं, "आणि त्याच्या देवळाचा नियम नाही वाचलास? आर्यानं मला सांगितलाय. आवारात कोणी मरता कामा नये. मरायला टेकलेल्याला बाहेर काढत, उघड्यावर. तुला ते दारातूनच परत पाठवतील, मोहन."

ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. आर्या जिन्यात उभी होती. किती वेळ, कोणास ठाऊक.

"ठाऊक आहे," मोहन म्हणाला. "मी माझ्यासाठी मागत नाहीये."

"मग काय माझ्यासाठी? माझी फुप्फुसं ठणठणीत आहेत."

त्यानं डोळे मिटून घेतले. नेहमीचं आहे. वाद हरायला लागला की प्राध्यापकमहाशय झोपतात.

आर्या दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी ताट उचलताना एवढंच म्हणाली, "दॅट वॉज क्रुएल, आजी." सोळा वर्षांच्या पोरीनं मला क्रूरपणा शिकवायचा! मला एकदा मेणबत्ती लावू दिली नाही, हे तिला कोण सांगणार?

२० नोव्हेंबर, बुधवार

ती वस्तू त्यानं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली होती, औषधांच्या मागे. येता-जाता डोळ्यांत खुपायची. आज मारलूस त्याला पुसून घेत होती तेव्हा मी ती उचलली.

इथे कचऱ्याचंही शास्त्र आहे. सारंगनं आल्या आल्या तासभर समजावलं होतं. भाजीपाल्याचा हिरव्या डब्यात, कागद निळ्यात, बाकी करड्यात. भाजलेली माती कशात जाते? अंगणात उभी राहून मी हा विचार केला. किती वेळ केला कोण जाणे, चपलांत पाय गारठले. मग करड्यात टाकली. वर दुधाचे खोके टाकले.

वाईट वाटलं नाही. उलट मोकळं वाटलं. माझ्या दुःखात ज्यानं देव येऊ दिला नाही, त्याच्या दुःखात तो खिडकीत बसायचा नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आज कचऱ्याची गाडी सकाळी सातलाच आली. तिचा लांब हात डबा उचलतो, उलटा करतो, दोनदा झटकतो, परत ठेवतो. मोहनला ते बघायला आवडतं. "आज लवकर आली," म्हणाला.

२७ नोव्हेंबर, बुधवार

हाउसआर्ट्स, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, येऊन गेला. मॉर्फिन सुरू केलंय. शांत झोपतो, पण अधूनमधून कोणालाही कोणीही समजतो. काल मारलूसला वहिनी म्हणाला. तीही "जा, जा" म्हणाली. डचमध्ये म्हणजे हो, हो.

सारंग दोन दिवस घरूनच काम करतोय. लॅपटॉप मांडीवर, बापाच्या पायाशी. कामाच्या कॉलवर इंग्रजीत व्यवस्थित बोलतो, मध्येच आवाज बंद करून डोळे पुसतो, परत चालू करतो.

आर्या कट्ट्यावर शोधाशोध करत होती. "आजी, आजोबांचं ते कुठे गेलं?"

"आवरताना कुठे ठेवलं असेल."

"कुठे?"

"बघते म्हटलं ना."

कॉन्व्हेंटमध्ये खोटं बोललं की बाकावर उभं करत. बहात्तराव्या वर्षी कोण उभं करणार?

१ डिसेंबर, रविवार

तिनं प्रकल्प पुरा केला. उद्या द्यायचा आहे. दुपारी माझ्या खोलीत आली, लॅपटॉप घेऊन. वाटलं, समेट करायला आली. शेवटच्या पानावर फोटो होता, पूर्ण पडदाभर. त्या मातीच्या गोळ्याचा. खिडकीतला उजेड बाजूनं पडलेला. खाली डचमध्ये एक ओळ.

"काय लिहिलंयस?"

"'माझ्या आजोबांनी केलेलं. मुलीचं डोकं. दोन वेण्या.'"

मी म्हटलं, "कुठल्या मुलीचं?"

"त्यांच्या. आजी, बाबांना सिस्टर होती हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. आजोबांनी सांगितलं. मेनिंजायटिस. म्हणून डोकं केलं." तिनं बोटानं फोटो मोठा केला. "ही उजवी वेणी, हिला रिबीन आहे. डावीला नाही. मी म्हटलं, आजोबा, दुसरी राहिली. ते म्हणाले, नाही, ती रिक्षात पडली."

मी पलंगावर बसले होते, हे बरं.

"चेहरा का नाही केला?" माझाच आवाज.

"केला होता. तीन वेळा. मग पुसला. म्हणाले, आठवत नाहीये. फोटो असता तर जमलं असतं." मग जरा थांबून, "म्हणाले, फोटो आजीकडे आहे. पण तिच्याकडे मागायचा मला राइट नाही."

पर्स माझ्या उशाशी होती.

"आजी, ते सापडलं का? मला परत फोटो काढायचाय, हा ब्लर आहे."

"नाही," मी म्हटलं. "शोधते."

तो फोटो अस्पष्ट नव्हता. वेणीचे पेडसुद्धा दिसत होते. सदतीस वर्षं मला वाटत होतं की ती रिबीन फक्त मलाच माहीत आहे.

३ डिसेंबर, मंगळवार

सकाळी तो जागा होता, बऱ्यापैकी शुद्धीत. हात कट्ट्याकडे नेत होता. मी पेला पुढे केला, तर मान हलवली.

"ते... आहे ना?"

"आहे," मी म्हटलं.

"कुठे?"

"माझ्या बॅगेत ठेवलंय. आईच्या सुती साडीत गुंडाळून. इथे पडलं असतं, फुटलं असतं."

"तुला कळलं? काय आहे?"

"कळलं."

त्यानं माझं मनगट धरलं. धरलं कसलं, बोटं ठेवली. "सुनेत्रा, त्या दिवशी... तुला जाऊ द्यायला हवं होतं."

सदतीस वर्षं या एका वाक्यासाठी मी शब्द तयार करून ठेवले होते. त्याच्यावर फेकायचे, ओळीनं, एकही चुकणार नाही असे. त्यातला एकही सापडेना. म्हटलं, "आता बोलू नकोस, धाप लागेल."

दुपारी पर्समधून फोटो काढला आणि त्याच्या हातात दिला. मॉर्फिन नुकतंच दिलं होतं. त्यानं तो पालथा धरला, मागची कोरी बाजू वर. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "छान आलाय."

मी सुलटा करून दिला. तोपर्यंत त्याचे डोळे मिटले होते.

७ डिसेंबर, शनिवार

आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मोहन गेला. मशीन सारंगनं बंद केलं. सगळ्यांना त्या घरघरीची इतकी सवय झाली होती की बंद झाल्यावर आम्ही एकमेकांकडे बघितलं.

मारलूसनं खिडकी उघडली. इथे तशी पद्धत आहे म्हणाली. थंडी आत आली. बाहेर एक बाई मुलाला सायकलच्या पुढच्या खोक्यात बसवून चालली होती, तिनं सवयीनं आत पाहिलं आणि हात केला.

११ डिसेंबर, बुधवार

दहन झालं. त्याच्या लेखी सूचना होत्या, मंत्र नकोत, फुलं नकोत, काही नको. सगळं पाळलं. संहितानं मला हळूच विचारलं, "आई, तुळशीचं पान तरी?" मी नाही म्हटलं. त्यानं नाही म्हटलं असतं, अगदी तसं. हसूनसुद्धा.

राख इथे महिनाभर देत नाहीत. कायदा आहे.

आर्याला प्रकल्पात साडेआठ मिळाले, दहापैकी. शिक्षकांनी विचारलंय, ती मूळ वस्तू वर्गात दाखवायला आणता येईल का.

१२ डिसेंबर, गुरुवार

सांगून टाकलं. आर्याला एकटीला, अंगणात, त्या डब्याशी उभी राहून. वाटलं, ओरडेल. ती डब्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आजोबांना माहीत होतं?"

"नाही. मी त्यांना सांगितलं, बॅगेत आहे."

"ओके," ती म्हणाली. आणि आत गेली. जेवायला आली नाही. मी जिन्याच्या पायरीवर ताट ठेवलं, ते तसंच राहिलं.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

सारंग राख घेऊन आला. करड्या रंगाचा डबा. मागल्या सीटवर ठेवून त्याला पट्टा लावला होता म्हणे, गाडी पट्ट्यासाठी वाजायला लागली म्हणून. पुढल्या आठवड्यात मी पुण्याला निघेन. डबा माझ्याबरोबर.

दुपारी घरात कोणी नव्हतं. स्वयंपाकघराच्या टेबलावर एक पुडकं होतं, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं. वर चिठ्ठी नाही. उघडलं तर माती. आर्यानं सकाळी शाळेत जाताना ठेवली असणार. महिनाभरात माझ्याशी चार वाक्यं बोललेली पोर.

फोटो साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. गोळा लवकर झाला. चेहरा जमेना. नाक केलं की कोणा दुसऱ्याची मुलगी दिसायची. फोटो समोर असूनही मला जमेना, त्याला काय बोलत होते मी! तीनदा केला, तीनदा अंगठ्यानं पुसला. शेवटी त्यानं ठेवला होता तसाच कोरा ठेवला.

वेण्यांना मात्र विचार करावा लागला नाही. तीन पेड घेतले आणि बोटं आपोआप चालू झाली, रोज सकाळी सव्वासातला, पाठमोरी उभी राहून ती "दुखतं गं" म्हणायची तशी. उजवीला गाठ घातली. डावी तशीच सोडली.

ओव्हनमध्ये भाजली. गार झाल्यावर आईच्या सुती साडीत गुंडाळून बॅगेत, डब्याशेजारी ठेवली. त्याला सांगितलं होतं तिथेच.

मग खुर्ची ओढून बॅगेसमोर बसले. हात जोडले. कोणापुढे, ते ठरवलं नव्हतं. काय मागायचं तेही सुचेना. मुलगी नाही, नवरा नाही, कोणाचा ताप उतरायचा नाही. तरी बसले होते.

नको म्हणायला कोणी आलं नाही.